'भाकड हेलपाटा' आणि हाती काहीच न लागण्याचे इतर शब्द

सदाफुली | मंगळवार, रात्री ९.४०

आज चौथ्यांदा गेले आणि हात हलवत परत आले. बाबांच्या मागे मिळकतीवर आईचं नाव लावायचंय, एवढंच काम. पहिल्या खेपेला साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. तिसऱ्या वेळी एक झेरॉक्स कमी. आज सगळी कागदपत्रं होती, तर ज्यांच्याकडे शिक्का असतो ते मीटिंगला गेलेले. 'गुरुवारी या.' कुठली कचेरी ते सोडा, हा तक्रारीचा धागा नाही.

घरी येऊन चपला काढत होते, तर आईने तोंडाकडे बघूनच विचारलं, "आजपण भाकड हेलपाटा का गं?"

मी एक चप्पल पायात, एक हातात अशी उभीच राहिले. भाकड गाय माहीत आहे, भाकडकथा माहीत आहे. पण हेलपाटा भाकड? आई भोरकडची, लहानपण गोठ्यात गेलेलं, तिच्या तोंडून असं काहीतरी मधूनच पडतं. मी तिच्या जागी असते तर काय म्हणाले असते? 'वाया गेला' नाहीतर 'फुकट गेला'. संपला साठा. आणि मी पोटासाठी भाषांतरं करते! कालच्याच एका अहवालात मी चार ओळींत तीनदा 'निष्फळ' लिहून ठेवलंय: चर्चा निष्फळ, पाहणी निष्फळ, पाठपुरावा निष्फळ.

तर ज्यातून काहीही निघत नाही अशा गोष्टीला तुमच्याकडे काय म्हणतात? कोशातले शब्द माझ्याकडे आहेत, तोंडातले द्या. आणि कृपा करून नुसती यादी टाकून पळू नका, कुठला शब्द कुठे बसतो तेही सांगा.

---

टपरीवरचा_तत्त्वज्ञ | मंगळवार, रात्री ९.५२

पोपट झाला. बल्ल्या झाला. गंडलं. घंटा मिळालं.

(यादी टाकून पळतोय. उद्या परीक्षा आहे, तिचंही यातलंच काहीतरी होणार.)

---

मुद्राराक्षस | मंगळवार, रात्री १०.३०

नारायण पेठेत चाळीस वर्षं प्रुफं तपासली. 'निष्फळ' दिसला की पेन्सिलीने गोल करायचा, ही सवय अजून गेली नाही. शब्द वाईट नाही, झिजलाय. फळ यायचं तर आधी कुणीतरी काही लावलेलं, शिंपलेलं असावं लागतं. मध्यस्थी निष्फळ, उपोषण निष्फळ, हे बरोबर. पाहणी कशी निष्फळ होईल? पाहणीत काही आढळलं नाही, असं सरळ लिहावं. पाठपुराव्याचं म्हणाल तर 'पाठपुरावा करूनही काही झालं नाही'. ताई, तुमच्या तीनपैकी दोन मी उडवले असते.

'फोल'ची जात वेगळी. अंदाज फोल, आशा फोल, दावा फोल. 'प्रयत्न फोल ठरले' असंही रोज छापून येतं, पण माझा कान अडखळतो. फोल ठरायला आधी आत दाणा आहे असा भरवसा कुणीतरी दिलेला असावा लागतो. भाजलेले शेंगदाणे तळहातावर चोळून आपण फुंकर मारतो, तेव्हा जी तांबडी फोलपटं ओट्यावर उडतात, तोच हा शब्द. म्हणून हवामानाचा अंदाज फोल ठरतो, पण पाऊस फोल ठरत नाही.

'वायफळ' मात्र बोलणं आणि खर्च यांनाच. वायफळ बडबड, वायफळ खर्च. हेलपाट्याला 'वायफळ' म्हणून बघा, तोंडातच फिरत राहतं.

घरी मोल्सवर्थची १८५७ची दुसरी आवृत्ती आहे (अर्थात पुनर्मुद्रण), आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात इथेच पुण्यात निघालेला. उद्या चष्मा सापडला तर बघतो.

---

आंबेमोहर | बुधवार, सकाळी ६.१५

भोरचाच आहे, म्हणून लिहितो. 'पोचट' कसा कुणाला आठवला नाही?

भात निसवताना पावसाने झोडपलं, की फुलोरा धुऊन जातो आणि दाणा भरत नाही. लांबून शेत बघाल तर एक नंबर. लोंब्या आहेत, टरफल आहे, रंगपण धरलाय. पण भरलेली लोंबी वाकते आणि पोचट लोंबी ताठ उभी राहते. बांधावरून बघणारा पाहुणा म्हणतो, "काय झकास उभं आहे भात!" आणि आमच्या पोटात गोळा येतो. दोन बोटांत दाणा दाबायचा. चिक निघाला तर अजून आशा आहे, नुसतीच टरफलं चपटी झाली तर पोचट. खळ्यावर उफणताना ते सगळं वाऱ्याबरोबर जातं आणि मागे ढीग केवढासा उरतो, ते त्या दिवशी कळतं.

तेव्हा पोचट म्हणजे सगळं सोंग पूर्ण, आत काही नाही. आमच्याकडे माणसालाही म्हणतात. भाषणालाही.

---

माडाखाली | बुधवार, सकाळी ९.०५

आमच्या रत्नागिरीकडे अशा भाताला 'पळिंज' म्हणतात. कोथरूडला येऊन वीस वर्षं झाली, वीस वर्षांनी हा शब्द लिहिला. आंबेमोहर, आभार.

---

निवांत_पेठकर | बुधवार, सकाळी ११.२०

चर्चेसाठी मराठी फार श्रीमंत आहे बघा. काथ्याकूट, चर्चेचं गुऱ्हाळ, चऱ्हाट. आपल्या संकेतस्थळावरचे निम्मे धागे यात बसतात. हाही बसेल.

---

माडाखाली | बुधवार, सकाळी ११.४१

थांबा. 'काथ्याकूट' हा शब्द निष्फळ चर्चेला कुणी लावला त्याला मला एकदा भेटायचंय.

माझी आजी काथ्या कुटायची. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात दगडाखाली दाबून महिनोन्‌महिने कुजवायची. बाहेर काढली की असा वास, की पाहुणा उंबऱ्यातून परत जाईल. मग एकेक सोडण दगडावर ठेवून लाकडी दांडक्याने कुटायचं. आतला भुसा झडतो, धागे मोकळे होतात. ते वाळवायचे, पिंजायचे आणि मग दोरी वळायची. त्याच दोरीने विहिरीतून पाणी निघत होतं आणि होडी बांधली जात होती. यात निष्फळ काय आहे? अंगणाबाहेरून जाणाऱ्या कुणालातरी दिवसभर नुसतं धप धप ऐकू आलं, त्याने हा वाक्प्रचार केला असणार.

---

काहिलीकाठचा | बुधवार, दुपारी १२.३०

मीही हेच म्हणणार होतो. आम्ही दौंडकडचे, आमचं गुऱ्हाळ होतं. शंभर किलो उसाला दहा-अकरा किलो गूळ पडतो, चिपाडं चुलवणात जातात, वर आलेली मळी काढून टाकतात, काहीही फुकट जात नाही. 'चर्चेचं गुऱ्हाळ' म्हणणाऱ्यांनी एकदा काहिलीपाशी उभं राहून दाखवावं. तुमच्या चर्चेतून ढेप निघते का?

---

मुद्राराक्षस | बुधवार, दुपारी १.१०

दोघांचंही बरोबर आहे आणि तिसरं चऱ्हाट, तोही जाडजूड दोरखंडच. म्हणजे तिन्ही धंद्यांत शेवटी माल निघतो. या शब्दांमागे 'काही निघालं नाही' ही तक्रार नसावी, 'किती वेळ चाललंय' ही असावी. चरकात तोच ऊस पुन्हा पुन्हा जातो, दांडकं त्याच जागी पडतं, दोर वळून संपत नाही. म्हणून ज्या बैठकीतून शेवटी काही ठरलं तिलाही आपण खुशाल गुऱ्हाळ म्हणतो. सदाफुलीताई, तुमच्या अहवालात हे तीन चालायचे नाहीत.

---

सचिव_नाइलाजाने | बुधवार, दुपारी ३.४५

आमच्या सोसायटीचा अनुभव. टँकरला कंटाळून गेल्या वर्षी बोअर घ्यायचं ठरलं. कुणाच्या तरी ओळखीने पाणाड्या आणला. गृहस्थ तळहातावर नारळ आडवा ठेवून पार्किंगमधून फिरले. एका जोशींच्या स्कूटरपाशी (नाव बदललंय) नारळ उभा राहिला. स्कूटर हलवली, बोअरची गाडी लावली. पहिले तीस फूट मुरूम, मग काळा कातळ. पाइपातून राखाडी पीठ उडत राहिलं, तीनशे फुटांपर्यंत. सगळ्यांच्या गॅलऱ्या, तुळशी, वाळत घातलेले कपडे, सगळं राखेचं झालं. पैसे फुटावर, त्यामुळे दर दहा फुटांनी खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा.

आता शब्द. गाडीवाला म्हणाला, "फेल गेली." वॉचमन बीडकडचा, तो म्हणाला, "फुफाटाच हाय निस्ता." आमच्या चेअरमनबाई म्हणाल्या, "कोरडी निघाली." इतिवृत्तात मी लिहिलं: 'अपेक्षित जलसाठा आढळून आला नाही.' आणि पाणाड्याने जाता जाता सांगितलं, "पाणी आहे साहेब, तुमच्या नशिबात नाही."

---

टपरीवरचा_तत्त्वज्ञ | बुधवार, दुपारी ४.०२

पाणाड्याचं वाक्य मी निकालाच्या दिवशी घरी वापरणार आहे.

---

दफ्तरदिरंगाई | बुधवार, सायंकाळी ५.३०

तीस वर्षं सरकारी नोकरी करून आता घरी बसलोय. सदाफुली, खिडकीच्या आतल्या बाजूची भाषा ऐका.

वरून विचारणा आली आणि सांगण्यासारखं काही नसलं, की रकान्यात 'निरंक' लिहायचं. 'काही नाही' लिहिलं तर उद्धट दिसतं, रकाना मोकळा सोडला तर भरायचा राहिला असं वाटतं. निरंक म्हणजे आम्ही पाहिलं, शोधलं, आणि शून्य. तुमची 'पाहणी निष्फळ' आमच्याकडे तीन अक्षरी नोंदीत संपते. माहिती अधिकाराचा २००५चा कायदा आल्यावर लोकांनाही हा शब्द कळला, कारण तीस दिवस वाट पाहून हातात कागद पडायचा आणि त्यावर तेवढंच.

दुसरा शब्द 'दप्तरी दाखल'. ऐकायला किती भारदस्त. अर्जदाराला वाटतं, अर्ज दाखल झाला, आता काम होणार. खरा अर्थ असा, की यावर आता कुणी काही करणार नाही, कागद बांधून ठेवा. मी स्वतः किती अर्ज दप्तरी दाखल केले ते विचारू नका.

आणि खेटा आणि हेलपाटा एक नव्हे. खेटे घालून काम होतं. माणूस आठ खेटे घालतो, नवव्याला काम होतं, आणि तो चहा पाजून सांगतो, "नऊ खेटे घातले." हेलपाटा म्हणजे जाऊन नुसतं परत येणं. तेव्हा आईंनी 'हेलपाटा' म्हटल्यावर 'भाकड' म्हणायची खरं तर गरज नव्हती.

---

सदाफुली | बुधवार, सायंकाळी ६.१५

'निरंक' घेतला! अहवालात चपखल बसतोय. आणि काका, तो शेवटचा मुद्दा मला झोपू देणार नाही. मग आईने भाकड का लावला?

---

कडुनिंब | बुधवार, रात्री ८.२०

धाग्यात अजून कुणी 'वांझोटी चर्चा' लिहिलं नाही याचं बरं वाटतंय, आणि कुणीतरी लिहिणारच आहे म्हणून आधीच सांगते. अग्रलेखांत, वाहिन्यांवर सर्रास चालतो हा शब्द. माझ्या एका मावशीला हा शब्द समोरासमोर ऐकावा लागलाय, हळदीकुंकवाला. त्यानंतर मला तो कुठल्याही चर्चेला लावता येत नाही. मराठीत फोल, पोचट, कोरडं, पोकळ इतकं सगळं आहे, एका शब्दावाचून काही अडत नाही.

अजून एक गंमत. आमच्या गच्चीवर दुधीचा वेल आहे. सुरुवातीला आठवडाभर फुलंच फुलं आली आणि एकालाही दुधी धरेना. कुंड्या बघायला येतो तो माळी म्हणाला, "वांझ फुलं आहेत ताई, गळणार." मी एक फूल उलटं करून बघितलं. ज्याला फळ धरतं त्या फुलामागे बोटभर इवलासा दुधी आधीपासूनच असतो. याच्यामागे नुसता सरळ देठ. म्हणजे ती नर फुलं होती, आणि दुधी-भोपळ्याच्या वेलावर बहुतेक वेळा तीच आधी येतात. नर फुलांना नाव काय, तर वांझ! मी माळ्याला हे सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या कुंडीकडे गेला.

---

निवांत_पेठकर | बुधवार, रात्री ८.४४

मी लिहिणार होतो. आता नाही लिहीत.

---

फळा_आणि_खडू | बुधवार, रात्री ९.३०

शाळेच्या भिंतीवर 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' रंगवलेलं नाही अशी मराठी शाळा दाखवा. माझ्या वर्गाबाहेरच आहे, खाली घाण्याचं चित्रसुद्धा. मुलांनी जिद्द धरावी म्हणून.

हा वामन पंडितांनी भर्तृहरीच्या नीतिशतकातून मराठीत आणलेला श्लोक. पुढे वाचा: मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात फिरता फिरता सशाचं शिंगही मिळेल, परंतु मूर्खाचं हृदय काही हाती येणार नाही. म्हणजे वाळूतून तेल हे अशक्याचंच उदाहरण आहे. तेही एक वेळ जमेल, पण मूर्खाची समजूत काढणं जमणार नाही, असं कवी सांगतोय. जगातल्या सगळ्यात निष्फळ कामावरचा श्लोक, आणि आपण त्याची पहिली ओळ कापून प्रयत्नवादाची पाटी केली. मी मुख्याध्यापकांना हे तीनदा समजावून सांगितलं. श्लोकाची चौथी ओळ तिथल्या तिथे सिद्ध झाली.

'पालथ्या घड्यावर पाणी' त्यामुळे मला फार अचूक वाटतो. पाणी चांगलं, ओतणारा चांगला, घडासुद्धा फुटका नाही. फक्त पालथा आहे.

---

परीक्षानळी | बुधवार, रात्री १०.५०

रसायनशास्त्रात पीएचडी चालू आहे, पाषाणला राहते. आमच्याकडे अभिक्रिया 'जात नाही'. 'काल लावलेली गेली का?' 'नाही गेली.' जास्त तापवली तर फ्लास्कच्या तळाशी काळं डांबर. गाइड विचारतात, "काय मिळालं?" आपण म्हणायचं, "डांबर." सहा महिन्यांचं काम एका शब्दात.

पण 'निष्फळ प्रयोग' म्हणताना मी बिचकते. मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ मध्ये ईथरमधून (प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं तेव्हा मानत, ते माध्यम) जाणाऱ्या पृथ्वीचा वेग मोजायला घेतला, आणि प्रकाशपट्टे जितके सरकायला हवे होते तितके सरकलेच नाहीत. ईथर असता तर ते सरकले असते. तो 'काही नाही' पुढे इतका मोठा ठरला, की आज आम्ही तो पाठ्यपुस्तकात शिकतो. दफ्तरदिरंगाई काका, याला 'निरंक' शोभेल. फोल म्हणायचं तर ईथरला म्हणा.

माझं डांबर मात्र डांबरच आहे.

---

मुद्राराक्षस | बुधवार, रात्री ११.१५

चष्मा सापडला. 'भाकड' म्हणजे दूध देणं थांबलेलं जनावर. म्हणजे मुळात आटलेलं, आणि त्याच्यावरून भाकडकथा, म्हणजे नुसत्या कोरड्या गोष्टी. वांझ आणि भाकड यांत फरक आहे, एवढं नक्की. कडुनिंबताईंचा मुद्दा मान्य. माझ्या तरुणपणी मीही तो शब्द बिनदिक्कत पुढे जाऊ दिलाय.

---

आंबेमोहर | गुरुवार, सकाळी ५.५०

धार काढून आलो, आता सांगतो. शहरातल्या लोकांना भाकड म्हणजे कायमची गेलेली वाटते. तशी असते एखादी म्हातारी. पण आमच्या गोठ्यात दर वर्षी कुणीतरी भाकड असतंच. गाभण गाय व्यायच्या आधी साधारण दोन महिने आपण मुद्दाम आटवतो. धार बंद, खुराक चालू. पोटातल्या वासराला आणि पुढच्या दुधाला तो आराम लागतो. त्याला भाकड काळच म्हणतात. तेवढे साठ दिवस वैरण घालायची, शेण काढायचं, आणि चरवी रिकामी. घरातला एखादा नवखा कुरकुरतो, "फुकट खाते." जुनी माणसं काही बोलत नाहीत.

सदाफुलीताईंच्या आईंनी म्हणूनच 'भाकड' म्हटलं असेल. वाया गेला असं त्यांना म्हणायचं नसणार. आज दूध नाही, इतकंच. गाय विकायची नसते.

---

दफ्तरदिरंगाई | गुरुवार, सकाळी ८.३०

माझा मुद्दा मागे घेतो. भाकड हवाच होता.

---

सदाफुली | गुरुवार, सकाळी ९.१०

आंबेमोहर दादा, तुमचं वाचून मला भरून आलं. लगेच स्वयंपाकघरात जाऊन आईला वाचून दाखवलं, भाकड काळ, खुराक, साठ दिवस, सगळं. तिने पोळी उलटली आणि म्हणाली, "अगं, कसला काळ नि काय. तोंडात आलं ते बोलले." मग थोड्या वेळाने, "आमच्या चांदीला मात्र अडीच महिने आटवावी लागायची, अंगाने बारीक होती." आणि परत गप्प.

निघाले. आज गुरुवार. डबा दिलाय बरोबर.

---

परीक्षानळी | गुरुवार, सकाळी ९.१४

शुभेच्छा! आल्यावर लिही.

---

सदाफुली | गुरुवार, दुपारी ३.२५

शिक्का बसला! साहेब जागेवर होते, सर्व्हर चालू होता, झेरॉक्स पुरल्या. वीस मिनिटांत कागद हातात.

बाहेर येऊन पायरीवर बसून डबा उघडला आणि कागद वाचला. आईच्या नावात 'सुमती'च्या जागी 'सुमित' छापलंय. आत गेले. 'दुरुस्तीचा वेगळा अर्ज लागतो. सोमवारी या.'

---

टपरीवरचा_तत्त्वज्ञ | गुरुवार, दुपारी ३.३१

याला काय म्हणायचं आता? माझ्याकडचे संपले.

---

आंबेमोहर | गुरुवार, रात्री ८.००

ताई, म्हैस व्याली. टोणगा झाला.